एकोणीस पत्रं

(दक्षिण इक्वेडोरमधलं एक गाव. निवृत्त शिक्षिका मेल्बाबाईंचं स्वयंपाकघर. त्यांची जुनी विद्यार्थिनी नार्सिसा आता त्याच शाळेत तिसरीला शिकवते. टेबलावर विद्यार्थ्यांच्या जुन्या कागदांचा गठ्ठा.)

मेल्बा : …आणि ही पाककृती बघ. ‘तामाल कसा करावा.’ या गाढवाने पहिलीच ओळ लिहिलीय, ‘आधी आजीला उठवावे.’

नार्सिसा : बरोबरच आहे की! आजी उठल्याशिवाय आमच्याकडेही चूल पेटायची नाही.

मेल्बा : मी शून्य दिलं होतं. पाककृतीत साहित्य येतं, कृती येते, आजी येत नाही. बातमी म्हणजे बातमी, गोष्ट म्हणजे गोष्ट. तूही हे पक्कं ठेव. सगळ्याची खिचडी केलीस की पोरं बिघडली म्हणून समज.

नार्सिसा : म्हणून तर आले, बाई. उद्या बातमी घ्यायचीय, परवा पत्र. चार नमुने द्या.

मेल्बा : चार कशाला, गठ्ठाच ने. माझ्यामागे उंदीरच खाणार आहेत. आणि तो मक्याचा तामाल खा आधी, गार होतोय. पत्रं तळाशी आहेत बघ, निळ्या दोरीत. तुमच्याच वर्गाची. तशी पत्रं पुढे कुठल्याच वर्गाने लिहिली नाहीत.

नार्सिसा : आमची पत्रं?

मेल्बा : स्पेनला गेलेल्या आईबापांना लिहिलेली. एकतीस पोरांत एकोणीस जणांचं कुणी ना कुणी तिकडे होतं. पाकीटसुद्धा करायला लावलं होतं, तिकिटाच्या जागी चित्र. तुला वीसपैकी अठरा दिले होते. काय गं? काय झालं?

नार्सिसा : हे माझं आहे.

मेल्बा : तेच सांगतेय.

नार्सिसा : पण हे इथे कसं?

मेल्बा : इथे नाही तर कुठे असणार? तपासायला घेतलेलं.

नार्सिसा : तुम्ही पोस्टात टाकलं नव्हतंत?

मेल्बा : पोस्टात? अगं, तो धडा होता.

नार्सिसा : तुम्ही म्हणालात, द्या माझ्याकडे.

मेल्बा : तपासायला!

नार्सिसा : मी नऊ वर्षांची होते, बाई. आईचा स्पेनमधल्या मुर्सियाचा पत्ता आजीच्या कपाटातून चोरून आणला होता. तिकीट चित्राचं असलं तरी बाईंच्या हातून गेलं की चालत असेल, असं वाटलं मला.

मेल्बा : अरे देवा. वाच बघू, काय लिहिलंय. माझा चष्मा…

नार्सिसा : ‘आई, फोनवर आजी शेजारी उभी असते, म्हणून लिहिते. तू नाताळला येणार की नाही, ते मला पत्रातच कळव. नाही कळवलंस तर तू तिकडे कामावर सांभाळतेस ती मुलगीच तुला जास्त आवडते असं मी समजेन, आणि तुझ्याशी बोलणार नाही.’ खाली तुमची लाल शाई. ‘विषय स्पष्ट. शेवट लांबला.’

मेल्बा : मी असं लिहिलं?

नार्सिसा : तुमचंच अक्षर आहे.

मेल्बा : वाचलं असणारच मी. तपासणारी वाचते तसं. मायना आहे का, समारोप आहे का… तुम्ही सगळे मान खाली घालून लिहीत होतात, एकही पोर पाणी प्यायला उठलं नाही. मला वाटलं, काय शिकवलंय मी!

नार्सिसा : नाताळपर्यंत मी रोज पोस्टमनच्या मागे जायचे. त्याने मला बघून रस्ता बदलायला सुरुवात केली.

मेल्बा : आणि मग?

नार्सिसा : मग काय. बोलणार नाही म्हटलं होतं, नाही बोलले.

मेल्बा : आईशी? आउराशी? पण आता तर ती परत आलीय. एका घरात राहता तुम्ही!

नार्सिसा : राहतो की. चार वर्षं झाली. मीठ देऊ का, दार लावलं का, एवढं बोलतो. भाड्याच्या खोलीत दोन अनोळखी बायका बोलतील तेवढं.

मेल्बा : ऊठ. चल, मी येते. आत्ताच्या आत्ता सांगते तिला, पत्र माझ्याकडे होतं, चूक माझी. आणि उरलेली अठरा… त्या पोरांकडेही जाते. एकेकाच्या दारात जाते.

नार्सिसा : बसा, बाई. पाय दुखतात तुमचे.

मेल्बा : पाय गेले चुलीत! पोरीचा काही दोष नव्हता, एवढं तरी कळू दे तिला.

नार्सिसा : ती दर रविवारी फोन करायची. सहा वर्षं. आजी हाका मारमारून थकायची आणि मी परसात जाऊन बसायचे. माझं पत्र मिळालं का गं, एवढंच एकदा विचारायचं होतं, तेही मी विचारलं नाही. शेवटी शेवटी तर मी पंधरा वर्षांची होते, बाई. त्याचं काय सांगाल तिला?