पाटीवर जाऊ नका, बटणं मोजा

आकाशातल्या देवाला आधी वंदन. मग राजाला, राजघराण्याला वंदन. आमच्या गावच्या सरदारांना वंदन, आणि ते राजधानीत अडकले म्हणून त्यांच्या जागी बसलेले त्यांचे प्रवक्ते, आजच्या सभेचे अध्यक्ष, आदरणीय फेआओ यांना वंदन. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते पाळक पाउलिआसि आणि पाळकबाई एलेनोआ यांना वंदन. शेजारच्या तीन गावांचे पाळक, आमच्या चर्चच्या मंडळीचे कारभारी लिसिआते, महिला मंडळाच्या प्रमुख एमेलिने, सकाळपासून उपाशी गाणारे गायक, खाली चटयांवर मांडी घालून बसलेली सगळी माणसं, आणि मागच्या अंगणात डुकरं भाजणारे, ज्यांच्याकडे तुमचं सगळ्यांचं नाक लागलंय, त्यांनाही वंदन.

कुणी राहिलं? कुणाचं नाव वरखाली झालं? झालं असेल तर आत्ताच सांगा, जेवताना कुजबुजू नका.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातली तीन या मानाच्या नावांत गेली. असो. आपल्या बेटावर बोलायचं तर आधी उतरंड नीट लावावी लागते. राजा जातो त्याला आपण 'हाएले' म्हणतो, सरदार जातो त्याला 'मेआ', आणि मी जाते ते नुसतं 'अलु'. जाणं एकच, रस्ताही तोच, खड्डेही तेच. पण शब्द तीन. लहान पोराला सुद्धा यात चूक करू देत नाही आपण. मी शाळेत चार इयत्तांच्या वर टिकले नाही, पण या शब्दांत कधी चुकले नाही.

गाड्यांत मात्र चुकले. आज तेच सांगायला उभी राहिले आहे.

तुम्हाला माहीत आहे, मी बंदराजवळच्या यार्डात गाड्या धुते. जपानहून जहाज आलं की जुन्या गाड्या उतरतात, आणि विकायच्या आधी त्यांची अंघोळ माझ्या हातची. बावीस वर्षं. लोक गाडी बाहेरून बघतात, मी आतून बघते. सीटखाली काय काय सापडतं ते सांगत नाही, पाळक बसलेत.

पाळकबाई, तुमच्याबद्दल आधी बोलते, कारण ही सगळी भानगड तुमच्या खुब्यापायी आहे. दोन वर्षांपूर्वी मंडळीच्या चटया उचलून नेताना तुम्ही या सभागृहाच्या पायरीवरून पडलात. तेव्हापासून तुम्हाला ताठ बसवत नाही. गेली दोन वर्षं प्रार्थनेला तुम्ही मागे उभ्या असता, आणि नवी मुलं समजतात पाळकबाई झोप आवरायला उभ्या राहतात. आता तुमची बदली बेटाच्या पार पश्चिम टोकाला. दर शुक्रवारी तिथून रुग्णालयात यायचं म्हणजे तासभर गचके. म्हणून मंडळीनं ठरवलं, निरोपाला गाडी द्यायची, आणि साधी नाही, मोठी. जिची मागची सीट बटण दाबलं की पुढे सरकते, आडवी होते. तशी सीट फक्त टॉप मॉडेलला असते.

या गाडीची तीन मॉडेलं, बाहेरून तीनही सारखीच, बरं का. तेच बोनेट, तोच लांब नाकाचा तोरा. मागच्या झाकणावर चांदीची अक्षरं असतात तेवढाच फरक. नुसतं नाव असेल तर साधी. 'ग्रँड' असेल तर मधली. 'ग्रँड रॉयल' असेल तर वरची. आपल्यासारखंच. अलु, मेआ, हाएले.

खरेदीचं काम कारभाऱ्यांकडे दिलं. लिसिआते माझा मामेभाऊ. बहिणीनं भावाची थट्टा करू नये हा आपला नियम मी कडक पाळते. त्यामुळे आता जे सांगणार ती थट्टा नाही, घडलेलं आहे.

यार्डात दोन गाड्या उभ्या होत्या, दोन्ही पांढऱ्या, एका वयाच्या. यार्डाचा मालक लेकीच्या बाळंतपणाला ऑकलंडला गेलेला. जाताना कागद लिहून ठेवला होता, ग्रँड रॉयलचा भाव इतका, साधीचा इतका. लिसिआतेनं मंडळीच्या पैशांतून ग्रँड रॉयल घेतली आणि स्वतःच्या पैशांतून साधी घेतली. त्या संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाला, "ताई, देवाच्या माणसाला मोठी, मला साधी. माणसानं आपल्या पायरीनं राहावं."

माझे डोळे भरून आले हो. आमच्या घराण्यात इतकी नम्रता पूर्वी कुणी पाहिली नव्हती.

तीन आठवडे गेले. मग पलीकडच्या गावात एक मयत झालं, आणि लिसिआते मला न्यायला आला. मी मागे बसले. मयताच्या रीतीप्रमाणे कंबरेला चटई गुंडाळलेली, मांडीवर तिथे द्यायची दुसरी चटई, त्यावर केकचं ताट. रस्त्यात खड्डा आला, माझं कोपर दाराच्या कडेवर आपटलं, आणि सीट माझ्यासकट पुढे निघाली! पाठ खाली, पाय वर, केक छातीवर. मी ओरडले, "अरे थांब, मला पुरायला निघालास काय?"

हा आरशात बघून हसतो. "घाबरू नकोस ताई, बटण दाबलं गेलं. हल्ली साध्या गाडीतही हे येतं. थंडीत सीट गरम पण होते."

"साध्या गाडीत?"

"जपानी लोक फार प्रामाणिक. साधी म्हणून विकतात, पण काही कमी ठेवत नाहीत. लोक उगाच अक्षरांसाठी जादा पैसे मोजतात."

मी आडवी पडल्या पडल्या वर बघितलं. छताला वाचायचा दिवा. दाराची काच दुहेरी. बाहेर कुत्रं भुंकत होतं ते तोंड हलवताना दिसत होतं, आवाज नाही. हात ठेवायच्या जागी झाकण, झाकणाखाली बटणांची रांग, आणि प्रत्येक बटण जिवंत.

मयताहून परत आल्यावर मी सरळ इथे आले. मंडळीची गाडी सभागृहाच्या मागे ताडपत्रीखाली झाकलेली होती. आत बसले. आता ऐका, उद्या तुम्हीही जुनी गाडी घ्यायला जाल. कंपनी बेस मॉडेलला वेगळा डॅशबोर्ड करत बसत नाही. भोकं तीच ठेवते, आणि जिथे बटण द्यायचं नाही तिथे प्लॅस्टिकचा तुकडा बसवते. दाबला तर दबत नाही. आंधळं बटण. मी मोजली, सात आंधळी बटणं. दार लावलं तर डब्याचं झाकण पडल्यासारखं वाजलं. मागची सीट बाकासारखी, तिला चार लाथा घातल्या तरी हलली नाही. बोनेट उघडलं, तिथे पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर कारखान्यानं अक्षरं ठोकलेली असतात. ती चिकटवलेली नसतात, म्हणून ती खोटं बोलत नाहीत. दोन्ही गाड्यांच्या पट्टीवरची अक्षरं कागदावर उतरवली आणि यार्डातल्या मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, "ही साधी. ती वरची. तुला बावीस वर्षांत कळू नये?"

म्हणजे मंडळीनं वरचीचे पैसे देऊन साधी घेतली होती. आणि माझा नम्र भाऊ साधीचे पैसे देऊन राजाच्या सीटवर लोळत होता.

मग मी गप्प बसले का? मी आणि गप्प? महिन्याच्या सभेत उठले आणि सांगितलं, "पाळकांना द्यायची भेट साधी आहे."

एमेलिने, तू काय म्हणालीस आठवतं? "किती छान बोललीस गं!"

आता आपलीच रीत आपल्या गळ्यात. देणाऱ्यानं आपल्या भेटीला कमीच म्हणायचं. झाडाच्या सालीचं शंभर हात लांब कापड दिलं तरी म्हणायचं, ही चिंधी गोड मानून घ्या. सहा डुकरं दिली तरी म्हणायचं, काही नाही, थोडा पाला आहे.

मी म्हटलं, "अहो, खरंच साधी आहे. अगदी खालची."

फेआओ, तुम्ही हातातली कावा पेयाची वाटी खाली ठेवलीत आणि ओरडलात, "मालिए!" सगळे ओरडले, "मालिए! मालिए!" वाहवा, वाहवा!

"सात बटणं आंधळी आहेत हो!"

"मालिए!" एक म्हातारी तर रडायला लागली. म्हणाली, असं नम्र बोलणारं माणूस तिच्या आईनंतर तिनं पाहिलं नाही.

मी जितकं खरं बोलत गेले तितकी थोर होत गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

भावाला एकटं गाठून सांगितलं, तर तो म्हणतो, "ताई, मागे अक्षरं आहेत ना? अक्षरं काय खोटं बोलतात?"

इथे मी विषय बदलला. कारण अक्षरं खोटं बोलत होती आणि त्यांना खोटं बोलायला मी शिकवलं होतं. हे मी सभेत सांगितलं नाही, भावालाही नाही. निम्मं सांगितलं, म्हणून लोकांना निम्मंच कळलं. बाकीचं निम्मं आज घ्या.

जहाजावरून त्या दोन गाड्या आल्या तेव्हा मिठानं माखलेल्या होत्या. मी मागची झाकणं घासली, जुना गोंद सुटला आणि दोन्हींची अक्षरं एकाच बादलीत पडली. आता कोणती कुणाची? वाचता येतं मला, भजनाचं पुस्तक डोळे मिटून वाचते. पण बादलीत पडलेली अक्षरं आपलं घर सांगत नाहीत. मी दोन्ही गाड्यांकडे बघितलं. एकीच्या चाकांवर चकचकीत झाकणं होती, आरशासारखी. दुसरीची चाकं मातकट. मी म्हटलं, चकचकीत ती राजाची. आणि 'ग्रँड रॉयल' तिला चिकटवलं. ती झाकणं जपानात कुणा हौशी माणसानं बाजारातून आणून लावली असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. आत हात घालून बटणं बघायचे कष्ट घेतले नाहीत, कारण दुपारचे दोन वाजले होते आणि मला भूक लागली होती.

हसा. मीही हसले असते, पाळकबाईंचा खुबा मध्ये नसता तर.

काल शेवटचा उपाय म्हणून पाळकबाईंना विचारलं, "गाडीत बसून बघितलंत का?"

त्या म्हणाल्या, "बसले होते गं, लुपे. फार सुंदर आहे."

"मागे बसलात?"

"मागे बसले."

"दुखलं?"

त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "भेटीला दुखतं असं म्हणायचं नसतं गं."

ऐकलंत? या बाई दर शुक्रवारी तासभर दात खाऊन त्या बाकावर बसल्या असत्या, आणि वर आपल्याला आभाराची पत्रं पाठवली असती.

तेव्हा अध्यक्षमहाराज, आता पुन्हा सांगते, आणि खबरदार कुणी मालिए म्हणालात तर. दारात सालीच्या कापडाखाली जी गाडी उभी आहे ती साधी आहे. नम्रता नाही ही. बेस मॉडेल! वरची गाडी बाहेर नीरफणसाखाली उभी आहे आणि तिची किल्ली माझ्या भावाच्या खिशात आहे.

लिसिआते, खाली बघू नकोस. तू चोरी केली नाहीस, हे मी सगळ्यांसमोर सांगते. तू पाटी वाचलीस, मी पाटी चुकवली. पण मी तुझ्या आत्याची मुलगी आहे. तुझ्या घरच्या लग्नाला आणि मयताला सगळ्यात वरची चटई कुणाची? माझी. मी फाहु आहे. तुझ्या घरातलं हवं ते उचलायचा हक्क मला आजोबांपासून आहे, आणि आजवर मी एक कोंबडीसुद्धा उचलली नाही. बाहेर मी गाड्या धुणारी. पण तुझ्या दारात, भावा, मी टॉप मॉडेल आहे. आज मी माझी सगळी बटणं एकदम दाबते. किल्ली आण.

उठला. बघा, उठला. वाट द्या त्याला. गाणारे, पाय आवरा.

काय म्हणालास? मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू दे.

तो म्हणतो, "ताई, आत माझी टोपी राहिली आहे."

टोपी घे. सीट ठेव.

पाळकबाई, ही घ्या किल्ली. काय म्हणू? भेट फार... नाही, आज मी कमी म्हणणार नाही. भेट फार चांगली आहे. मागे बसा, दारावरचं तिसरं बटण दाबा आणि पाय लांब करा. दुखलं तर दुखतं म्हणा, मी येऊन दुरुस्त करेन.

एक गोष्ट राहिली. मागची अक्षरं मी बदललेली नाहीत, बदलणारही नाही. पाळकांच्या गाडीवर साधंच नाव राहील, म्हणजे नव्या गावात कुणी म्हणायला नको की देवाचा माणूस राजाच्या थाटात आला. आणि दारातली साधी आता लिसिआतेची, तिच्यावर 'ग्रँड रॉयल' राहील. गावातून जाताना सगळ्यांना दिसेल. सीट हलत नाही हे फक्त त्याला कळेल, आणि मला.

पाळकसाहेब, आठ वर्षं तुम्ही आमची लग्नं लावलीत, आमची माणसं पुरलीत, आमची भांडणं सोडवलीत, त्यातली निम्मी माझी. त्याचे आभार. आपण सगळ्यांनी भूक दाबून ऐकलंत, त्याचेही. बोलण्यात कुणाला मान कमी पडला असेल, राजाचा शब्द सरदाराला किंवा सरदाराचा मला लागला असेल, तर पोटात घाला. पाट्या चिकटवताना माझा हात चुकतो, हे आता जाहीर झालंच आहे.

आता मालिए म्हणा. आणि जेवायला चला.