वरची ओळ

धाकटा : हे बघ ताई, लॅपटॉपवर सगळं हिरवं आहे. औषधं, व्यायाम, वॉकर. एकही काम मागे पडलेलं नाही.

ताई : ऑफिसातलं टूल घरी आणलंस होय?

धाकटा : मग काय करणार? बाबांचं खुब्याचं हाड मोडलेलं, डॉक्टर वेगळे, फिजिओ वेगळा, दुपारी सांभाळायला येणाऱ्या बाई वेगळ्या. कुणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं, हे एका जागी नको? पुलाच्या प्रोजेक्टला मी हेच वापरतो. तीस तारखेला बाबा आधाराशिवाय चालले पाहिजेत. एकतीसला माझी रजा संपते.

ताई : आणि बाबा धड जेवत नाहीत, ते यात कुठे दिसतं?

धाकटा : हे काय. ‘जेवण दिलं’, रोजची खूण आहे.

ताई : दिलं. खाल्लं नाही.

धाकटा : मग काय, घासही मीच भरवू?

ताई : चिडू नकोस. आम्हा अॅप बनवणाऱ्या प्रॉडक्टवाल्यांचं टूलही दिसायला असंच असतं. फक्त त्यात आधी वेगळंच लिहितात. वापरणारा कोण, त्याचं अडतंय कुठे, त्यातलं पहिल्यांदा काय सोडवायचं. तारखा त्यानंतर.

धाकटा : शेवटची तारीख कधी?

ताई : ती नसतेच. तुझा पूल उभा राहिला की तुझं काम संपतं. आमचं अॅप लोकांच्या हातात गेलं की तिथून सुरू होतं.

धाकटा : छान. म्हणजे बाबा तुझं प्रॉडक्ट.

ताई : बाबा नाहीत रे. बाबा वापरणारे. प्रॉडक्ट म्हणजे आपली ही सगळी धावपळ.

धाकटा : दीड महिना मी इथे आहे, ताई. पहिल्या आठवड्यात त्यांना कुशीवर कसं वळवायचं तेही मला येत नव्हतं. ही यादी नसती तर सकाळी उठून कुठून सुरुवात करायची तेच मला कळलं नसतं. तू काल आलीस.

ताई : खरं आहे. मी रोज फोन केला. फोन करणं सोपं असतं. तुझ्या यादीमुळे बाबा उभे राहिले, हे कळतं मला. ती पुसू नकोस. वर एक ओळ घालू, एवढंच म्हणतेय.

धाकटा : कुठली ओळ?

ताई : मला काय माहीत? बाबांना विचारलंस कधी?

धाकटा : रोज विचारतो की. दुखतंय का, झोप लागली का, पोट साफ झालं का.

बाबा : माझ्या पोटाचं सगळ्या बिल्डिंगला सांगून झालं असेल, तर इकडे या दोघं.

ताई : जागे आहात होय, बाबा?

बाबा : मोडलंय ते हाड. कान शाबूत आहेत.

ताई : मग तुम्हीच सांगा. डॉक्टरांचं राहू द्या. तुम्हाला काय हवंय?

बाबा : काही नको. करतोय की पोरगा सगळं.

ताई : बाबा.

बाबा : लेथवर होतो तेव्हा साहेब सांगायचे, चाळीस नग, शुक्रवारपर्यंत. बरोबरच होतं त्यांचं. तारखेशिवाय कारखाना चालत नाही. पण ड्रॉइंग हातात आलं की मी विचारायचो, हा नग बसणार कशात? ते कळलं की हात नीट चालायचा.

धाकटा : मग सांगा ना. तुम्हाला चालायचंय ते कशासाठी?

बाबा : तू मला अंघोळ घालतोस.

धाकटा : पाणी गार असतं का?

बाबा : पाणी चांगलं असतं. तुझा हात हलका आहे, तुझ्या आईसारखा. पण उद्याची सकाळ आठवली की रात्रीचा घास उतरत नाही. ज्याला मी टबात बसवून न्हाऊ घातलं, त्याच्यासमोर उघडं बसायचं... मला माझं मी न्हायचंय. दार लावून.

धाकटा : बोलला का नाहीत इतके दिवस?

बाबा : तू एवढं मन लावून करतोस. कुठल्या तोंडानं सांगणार?

धाकटा : ताई, तो लॅपटॉप दे इकडे. वरची ओळ घालतो. ‘बाबांना एकट्यानं अंघोळ करायचीय.’ आता खाली कामं. भिंतीला धरायला दोन दांड्या. रबराची चटई. उंच, न हलणारं स्टूल. फिजिओला सांगतो, चालण्याच्या फेऱ्या कमी कर, उठणं-बसणं जास्त घे. आणि कडी लावायची नाही, बाबा.

बाबा : बरं. नुसतं लोटून.

धाकटा : शनिवार. तारीख मी घालणारच.

बाबा : घाल की. तारीख पाहिजेच.

(शनिवार सकाळ. बाथरूमचं दार लोटलेलं. बाहेर दोघं.)

धाकटा : पंचवीस मिनिटं झाली.

ताई : पाण्याचा आवाज येतोय ना.

धाकटा : आत्ता थांबला. बाबा?

बाबा : साबण लावतोय.

धाकटा : दांडी धरलीय ना?

बाबा : एका हातानं.

ताई : कर आता हिरवं.

धाकटा : बाहेर येऊ देत आधी. ताई, एकतीसपासून मी नसेन.

ताई : मी आहे. महिनाभर इथूनच काम करणार, ऑफिसला सांगून टाकलंय. पुढचं त्यांनाच विचारू.

बाबा : अरे, ऐकलं का?

धाकटा : आलो. टॉवेल देऊ?

बाबा : नको, नको. तुम्ही दोघं नाश्त्याला बसा. मी अजून थोडं पाणी घेतो अंगावर.