आत्याचा खाकीतला फोटो

आता तुम्हीच सांगा, चीड येणार नाही तर काय होईल! माझी आत्या महायुद्धाच्या वेळी पुण्यात लष्कराच्या टेलिफोनवर कामाला होती. खाकी कोट, टाय, डोक्यावर तिरकी टोपी, असा तिचा एक फोटो आहे. तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तो मोठा करून भिंतीवर लावायचा, म्हणून मी धारवाडच्या एका स्टुडिओत दिला.

मालकानं विचारलं, "अक्का, हे कुठल्या नाटकातलं?"

"नाटकातलं नव्हे हो, युद्धातलं. सख्खी आत्या आहे माझी."

आठवड्यानं आणायला गेले तर काय! त्यानं कॉम्प्युटरवर टोपी काढून केसांत अबोली माळली होती. कोट जाऊन जरीची साडी आली होती, आणि गळ्यात चक्क मंगळसूत्र!

"छंद काण्तैति नोड्री, छान दिसतंय बघा," तो खुशीत म्हणाला. "भिंतीवर लावायचं म्हणजे बाईमाणूस कसं छान दिसायला पाहिजे."

"अहो, पण तिनं लग्नच केलेलं नाही!"

"मग बरंच झालं की अक्का. फोटोत तरी झालं."

तडक मळमड्डीला आत्याच्या घरी गेले आणि तिलाच रिक्षात बसवून घेऊन आले. तिनं फोटो नीट बघितला, मग मालकाकडं बघितलं.

"लढाई संपल्यावर टोपी परत करा म्हणून सरकारचा हुकूम आला, तेव्हा मी ती उतरवली," ती म्हणाली. "तुला कुणाचा हुकूम आला होता रे?"