आबांच्या दोन टेपा

कागद जपणाऱ्या माणसाकडे दुसरं काही जपायला देऊ नये, हे मी आमच्या कचेरीतल्या दत्तोबामुळे शिकलो. दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्याने पाथर्डीला जाऊन वडिलांची, म्हणजे आबांची, भारुडं टेप केली. नगरला परतल्यावर कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे दुसऱ्या टेपवर नक्कल काढली आणि शिरस्त्याप्रमाणेच मूळ व नक्कल एकत्र बांधून ठेवली. जागा निवडली ती लाऊडस्पीकरच्या मागची, थेट चुंबकाला टेकून.

पुढे वडील वारले. थोरले भाऊ, नाना, मुद्दाम गावाहून ऐकायला आले. दत्तोबाने टेप लावली, तर नुसती खरखर.

"दुसरी हाय ना?" नाना म्हणाले.

दुसरीही तशीच खरखरली.

"चुंबकाने दोन्ही पुसल्या," मी म्हणालो. "एक गावाकडे तरी ठेवायची."

"नक्कल मुळापासून लांब ठेवली तर सापडायची कशी?" दत्तोबा म्हणाला, आणि मान खाली घालून यंत्र बंद करायला उठला.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "आबा गायला लागले की मी उठून रानात जायचो. आज शेवटपर्यंत बसायचं म्हनून आलोय."