डब्यातले नऊ सूर

नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय गेलाय — इथे बसा, हिच्याच बाकावर, ती यायला अजून अर्धा तास आहे. सकाळी मुलाखत घेतलीत ना तिची? मग माझ्याकडून वेगळं काय मिळणार — मी आपला नळ्या सुरात लावणारा माणूस. या ऑर्गनच्या पोटात दोन हजारांवर नळ्या आहेत, काही करंगळीएवढ्या, काही दुमजली, आणि त्यांतली एखादी रोज रुसते. बायको चाळीस शहरांत वाजवून आली आणि नवरा नळ्यांच्या मागे, चिंधी घेऊन — छान चाललंय, तक्रार नाही.

सुरुवात? ही तेव्हा टायपिंग शिकवायची. सासरे सुतार, त्यांनी जेवणाच्या टेबलाखाली लाकडी पट्ट्या ठोकून दिल्या होत्या, ऑर्गनला पायांनी वाजवायच्या असतात तशा, पण मुक्या — ही बसून पाय नाचवायची आणि सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणायच्या, अगं, टेबल हलतंय, बोट कापेल माझं. या सभागृहाचे वादक आजारी पडले तेव्हा एका कार्यक्रमापुरतं हिला बोलावलं. तीन दिवस तालीम, मी नळ्यांत, ही खाली — आमचं बोलणं किती, तर 'तो खालचा सा घोगरा येतोय' एवढंच. आणि मॅनेजरनं अट घातली, शेवटी श्रोते जी सुरावट देतील तिच्यावर आयत्या वेळी रचून वाजवायचं. जमलं तर नोकरी, नाही तर परत टायपिंग. दारात बिस्किटांचा डबा ठेवला — सुचेल त्यानं सूर लिहून टाकावेत. मध्यंतरात तो डबा मी आणला, जिन्यात उघडून पाहिला, तर आत काय असेल? एक बटण, एक फाटकं तिकीट, आणि 'पंखा लावा' अशी चिठ्ठी. बस. सूर एक नाही.

मग काय करणार? — लिहिले. मीच लिहिले. नऊ सूर, तिकिटाच्या पाठीवर. माझेच होते, एकोणिसाव्या वर्षी जुळवलेले. संगीतशाळेच्या परीक्षेत दोनदा नापास झालोय मी, हे तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे — पुढे ते सूर सरकलेच नव्हते, नवव्या सुरावर येऊन पाय मोडून बसलेले. हिनं तिकीट समोर टेकवलं, एकदा पाहिलं, आणि वीस मिनिटं वाजवलं. मी आत नळ्यांमध्ये उभा, जमीन थरथरत होती, आणि माझ्या त्या लंगड्या सुरांना कुठून कुठून वाटा फुटत होत्या — मी रडलो की नाही? धूळ फार असते आत, असं समजा. त्यानंतर मी एक सूर लिहिला नाही. वाईट वाटून नव्हे हो. जे व्हायचं होतं त्यांचं, ते झालं होतं.

हिचं नाव झालं ते त्या दिवसापासून. आणि प्रत्येक मुलाखतीत ही सांगते, एका अनोळखी श्रोत्यानं ते सूर दिले. बत्तीस वर्षं मी गप्प. का म्हणजे? लोक म्हणतील, घरच्याच माणसाची चिठ्ठी, सगळं आधी ठरलेलं — तेव्हा तर आमचं लग्नही झालं नव्हतं, पण ते कोण ऐकून घेणार? तिच्या नावाला बट्टा. हिलासुद्धा सांगितलेलं नाही मी. तेव्हा हे छापू नका, कृपा करून. लिहिलंत का? खोडा बघू ते.

हसताय काय? — कोणी सांगितलं? हिनं? आज सकाळी? — छे, तिला कसं कळणार, अक्षर तिनं पाहिलेलं नव्हतं माझं. काय म्हणाली? — मी तेच सूर गुणगुणत होतो? तालमीचे तीन दिवस? नळ्यांमध्ये उभा राहून, आणि ते खाली सगळं — हो, जाणारच, नळ्याच आहेत त्या. म्हणजे तिकीट हातात घेतलं तेव्हाच तिला — आणि मग लग्नाला होकार देताना — अनोळखी श्रोता म्हणायची, आणि माझ्याकडे बघायची —

उठा तुम्ही आता. जिन्यात तिचीच पावलं आहेत. मागच्या दारानं जा, आणि दार नीट लोटून घ्या, वारा येतो.