बावीस किलोपर्यंतचं बाळ

शेवटी सायकलमागे जोडायचा लहान मुलांचा ट्रेलर कापूनच बाळाच्या बापाला बाहेर काढलं. पण ते अजून घडलेलंच नाही, असं धरून चालू. पंक्चरसाठी दुकानात ताटकळलेल्या एका मास्तरांच्या कानावर त्या नवरा-बायकोचं नि दुकानदाराचं बोलणं पडलं ते एवढंच:

"घेतला ना विकत? आता डोंगरात बाळाला हादरे बसतील का, ते मी आत बसून बघतो."

"साहेब, बावीस किलोच चालतात."

"सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. ओढ गं!"

"ओढलं. उतर आता."

"गुडघे अडकले."

"बाळ बघ कसं खिदळतंय!"

"कापावा लागेल, साहेब."

"कापा, पण वॉरंटीत नवा द्या. रविवारी डोंगर चढायचाय."

"बावीस किलोच्या वर वॉरंटी नाही."

"अगं, तक्रारवही घे."

बायकोने मोठ्याने म्हणत लिहिलं: "सदर इसमाचे वर्तन पाहता त्यास बालक समजून ट्रेलर बदलून मिळावा, ही नम्र विनंती."