त्रेचाळीस चमचे

बहीण : त्रेचाळीस.

आचारी : काय त्रेचाळीस? बटाटे?

बहीण : चमचे, दादा. सकाळी साडेसातपासून आतापर्यंत तू त्रेचाळीस वेळा चाखलंस. मी काय सुट्टी घेऊन तुझ्या कँटीनमध्ये बटाट्याच्या पोत्यावर हवा खायला बसलेय?

आचारी : मला वाटलं, भावाची माया आली. अगं, तीनशे माणसं जेवतात इथे. न चाखता पातेलं बाहेर कसं पाठवू? आणि त्यातले दहा-बारा चमचे तर मीठ घालायच्या आधीचे असतील.

बहीण : ते मी धरलेच नाहीत.

आचारी : औषधाच्या दुकानात लागल्यापासून तू फार मोजायला लागलीस.

बहीण : मग मोजलेलं ऐक. दुकानातला काटा पिशवीत घालून आणलाय. तुझ्या एका चमच्यात दहा ग्रॅम रस्सा बसतो. चाळीस लिटरच्या पातेल्यात मीठ किती घालतोस?

आचारी : अर्धा किलो. सव्वीस वर्षं तेवढंच. हात चुकत नाही माझा.

बहीण : म्हणजे त्रेचाळीस चमच्यांत पाच ग्रॅमच्या वर गेलं. डॉक्टरांनी तुला दिवसभरात पाचच्या आत राहायला सांगितलंय. ताटावर बसायच्या आधीच तुझं दिवसाचं मीठ संपलेलं असतं.

आचारी : चाखणं म्हणजे खाणं थोडंच?

बहीण : हे तुझ्या पोटाला कोण सांगणार? सहा आठवडे घरात मी मीठ तोलून देतेय. लोणच्याची बरणी कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. वहिनी बिचारी मुकाट्याने अळणी भाजी गिळतेय. तरी तुझा रक्तदाब जागचा हलेना. तू गळ्याला हात लावून सांगितलंस, की बाहेर काही खात नाही. तरी मी तुला चोर ठरवलं. वहिनी रडली त्या दिवशी.

आचारी : मी खोटं नव्हतो बोलत.

बहीण : नव्हतासच. तेच कळलं आज. मला इतका आनंद झालाय ना, या पोत्यावर उडी मारावीशी वाटतेय.

आचारी : तुला आनंद सुचतोय. शुक्रवारी कंपनीचे डॉक्टर तपासणार. मागच्या महिन्यात कढईपाशी चक्कर आली, तेव्हाच त्यांनी बजावलं, दाब असाच राहिला तर शेगडीपाशी उभं राहायचं नाही, कोठीत बसून पोती मोजायची. त्यापेक्षा मला घरी बसवा म्हणावं.

बहीण : म्हणून तर म्हणतेय, चोर सापडला. आता चाखणं कमी कर.

आचारी : तिथेच घोडं अडलंय. एक सांगतो, पण वहिनीपाशी बोलू नकोस. हल्ली मला जास्तच चाखावं लागतं. पूर्वी दोन चमच्यांत कळायचं. आता दोन-तीन आठवडे झाले, अर्धा किलो घातलं की रस्सा खारट लागतो. म्हणून पुन्हा चाखतो. पुन्हा खारटच. आचाऱ्याची जीभ गेली, तर त्याचं उरलं काय?

बहीण : खारट लागतं? खरंच?

आचारी : तुझी शपथ.

बहीण : अरे वेड्या, जीभ गेली नाही, जीभ ताळ्यावर आली. घरच्या कमी मिठाची सवय लागली तिला. काही आठवडे कमी खाल्लं की होतं असं. जीभ खरं सांगतेय. चुकतोय तो तुझा हात.

आचारी : सव्वीस वर्षांचा हात?

बहीण : तोच.

आचारी : हे शेवटचं पातेलं अजून बिनमिठाचं आहे.

बहीण : मग?

आचारी : आण तो तुझा काटा. चारशे ग्रॅम. नको, थांब, लोक ताटं बडवतील. बडवू देत. चारशेच. लसूण खमंग भाजतो, मिरी ताजी कुटतो, वरून लिंबं पिळतो. दहा. छे, वीस. हात कसे शिवशिवतायत बघ, कामावरचा पहिला दिवस असावा तसे. आणि चाखायला हा चमचा नको, तो चहाचा दे. टोकभर पुरे.

(जेवणाची घंटा होऊन तास उलटला आहे. वाढणाऱ्या मावशी रिकामं पातेलं घेऊन आत येतात.)

मावशी : बुवा, हे शेवटचं पातेलं पुसून खाल्लं हो लोकांनी. आणखी आहे का विचारतायत.

आचारी : मिठाची डबी कोणी मागितली?

मावशी : तो कोपऱ्यातला ट्रॉलीवाला. त्याचं काय धरता, तो तर घास घ्यायच्या आधीच डबी उपडी करतो. बाकी कोणी नाही. का हो, डोळ्यांत पाणी?

आचारी : मिरी उडाली.

बहीण : दादा, शुक्रवारपर्यंत दाब एकदम उतरेल अशी आशा नको धरूस. पण मी येते बरोबर. हे त्रेचाळीस चमचे डॉक्टरांपुढे मांडते आणि आणखी सहा आठवडे मागून घेते.

आचारी : आणि चाखणार कोण, असं त्यांनी विचारलं तर? मावशी, उद्यापासून पहिला चमचा तुमचा. मी शेवटी टोकभर घेईन.

मावशी : मला नका घालू त्यात. मला मिठातलं काय कळतंय?

आचारी : इतकी वर्षं माझ्याच हातचं जेवताय की.

मावशी : जेवते, पण... राग नाही ना येणार?

आचारी : बोला.

मावशी : मी आपली वाटीत गरम पाणी घालून खाते. पहिल्या दिवसापासून.

आचारी : आणि कधी बोलला नाहीत?

मावशी : तुम्ही चाखून पाठवलेलं असायचं, बुवा. त्यावर मी काय बोलणार?

बहीण : आणि आज, मावशी?

मावशी : आज या पातेल्यातलंच घेतलं होतं. पाण्याचं विसरूनच गेले.